कपाशीच्या रानातले मोकळे महिने

विदर्भ-मराठवाड्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते आणि त्याच दिवसांत कामगंध सापळ्यांत गुलाबी बोंडअळीचे पतंग वाढू लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये तुरळक दिसणारे हे पतंग नोव्हेंबर-डिसेंबरात सापळे भरून टाकतात. करडा-तपकिरी, नखाएवढा, रात्री उडणारा हा जीव सहसा नजरेस पडत नाही. शेतकऱ्याला तो कळतो डोमकळीवरून, म्हणजे पाकळ्या न उमललेल्या फुलावरून, नाहीतर वेचणीत हाती आलेल्या कवडीवरून, म्हणजे किडक्या, घट्ट कापसावरून.

ही कीड आपल्याकडे जुनीच. सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले तेच भारतातल्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून. पुढे सरकीबरोबर ती इजिप्तला, तिथून मेक्सिकोला आणि १९१७ मध्ये टेक्सासला पोचली. २००२ मध्ये अळीला मारक जनुक घातलेली बीटी कपाशी आली, २००६ मध्ये दोन जनुकांची आली आणि बोंडअळीची चिंता मिटली असे वाटले. पण गुजरातेत एकाच जनुकाच्या वाणाला अळी दाद देईनाशी झाल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तर दोन जनुकांच्या कपाशीची बोंडेही पोखरली गेली. अळीत प्रतिकारशक्ती लवकर वाढू नये म्हणून बियाण्याबरोबर येणारी नॉन-बीटीची पुडी बहुतेकांनी बांधावर पेरलीच नव्हती. ती का पेरायची, हे त्यांना नीट सांगितलेही गेले नव्हते.

अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते. तिने पाडलेले छिद्र बुजते आणि मग वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून फवारणीची वेळ पतंगांवरून ठरवावी लागते: सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, की उपाय हाती घ्यायचा.

मात्र तिचा खरा कमकुवतपणा उन्हाळ्यात आहे. कपाशी संपत आली की शेवटच्या पिढीतल्या अळ्या दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांत, उभ्या पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत किंवा जमिनीवरच्या पालापाचोळ्यात सुप्तावस्थेत जातात. काही जिनिंगच्या आवारात पोचतात. पाऊस पडल्यावर पतंग बाहेर येतात. त्या वेळी शेतात पाते, फूल नसेल, तर त्यांची पुढची पिढी उभी राहत नाही. मे महिन्यातच ओलिताखाली लावलेली कपाशी त्यांना हे पाते आयते पुरवते. आणि जानेवारीनंतर पाणी देऊन राखलेली कपाशी, म्हणजे फरदड, अळीला आणखी दोन-तीन महिने पोसते.

फरदड घेणाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. आपले संकरित वाण दीर्घ मुदतीचे. पाणी असेल तर शेवटच्या वेचणीचे चार पैसे कोण सोडील? शिवाय एकट्याने पऱ्हाटी उपटून उपयोग नाही, शेजारच्या रानातून पतंग येतातच. अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून ही कीड हटल्याचे जाहीर केले ते बीटी कपाशी, गंधसापळे, विमानातून सोडलेले वांझ पतंग आणि पीकमुक्त काळ हे सगळे एकत्र राबवून. आपल्याकडे विमाने नसली तरी पीकमुक्त काळ पाळता येईल. त्यासाठी लवकर येणारे वाण हवेत, डिसेंबरात रान मोकळे करणाऱ्याला हरभऱ्याचे बियाणे वेळेवर मिळायला हवे आणि सापळ्यांची नोंद एकेका शेताची न राहता गावाची व्हायला हवी. शिवाय जिनिंगच्या आवारातही उन्हाळाभर सापळे लागले पाहिजेत.