नेवऱ्याचे खेर, सागरचे राजे : एका आडनावाचा जबलपूरपर्यंतचा मागोवा

जबलपूरच्या मराठी वस्तीचा इतिहास सांगताना बहुधा रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना आणि १९५६ साली येथे स्थापन झालेले उच्च न्यायालय यांच्यापासून सुरुवात केली जाते. परंतु नोकरीच्या निमित्ताने आलेल्या या पिढ्यांच्या कितीतरी आधी कोकणातील एका कुळाचे नाव राज्यकारभाराच्या वाटेने या शहरात येऊन पोचले होते. ते कूळ खेरांचे. रत्नागिरीजवळच्या नेवरे गावापासून नर्मदेच्या खोऱ्यापर्यंत त्याचा प्रवास शोधू लागले, की आडनाव ही वंशाची स्थिर खूण असते हा समज फारसा टिकत नाही.

नेवरे गावचे कुलकर्ण, म्हणजे गावच्या जमिनीचा व महसुलाचा हिशेब ठेवण्याचे वतन, या कऱ्हाडे ब्राह्मण घराण्याकडे होते. मराठी आडनावे पडण्याच्या ज्या वाटा सर्वपरिचित आहेत त्या पाहता, गावावरून ‘नेवरेकर’ किंवा वतनावरून ‘कुलकर्णी’ हे नाव या कुळाला सहज चिकटू शकले असते. तरीही मूळ उपनाव खेर हेच राहिले आणि ज्या पुरुषाने ते उत्तरेत नेले, त्याच्या बाबतीत मात्र ते जवळजवळ झाकले गेले. गोविंद बल्लाळ खेर हे इतिहासात गोविंदपंत बुंदेले म्हणून ओळखले जातात.

१७२९ साली मोगल सरदार महंमदखान बंगशाच्या वेढ्यात सापडलेल्या बुंदेला राजा छत्रसालाच्या मदतीला पहिले बाजीराव धावून गेले आणि त्या उपकाराची फेड म्हणून छत्रसालाने आपल्या राज्याचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा पेशव्यांना दिला. या नव्या मुलखाची वसुली व बंदोबस्त पाहण्यासाठी कमाविसदार, म्हणजे सरकारी महसूल गोळा करणारा आणि गरज पडल्यास फौजही बाळगणारा अधिकारी, म्हणून गोविंदपंतांची नेमणूक झाली. त्यांनी सागर हे आपले मुख्य ठाणे केले. बुंदेलखंडाच्या या कारभारावरून पडलेले ‘बुंदेले’ हे नाव वंशाचे नव्हे, कर्तबगारीच्या मुलखाचे आहे; त्याचा बुंदेला राजपुतांशी रक्ताचा संबंध जोडणे चुकीचे ठरते.

कागदपत्रांत मात्र बहुतेक वेळा ना खेर आढळते ना बुंदेले. पेशवाईच्या पत्रव्यवहारात व्यक्तीचे नाव आणि बापाचे नाव एवढेच लिहिण्याचा प्रघात असल्यामुळे तेथे ‘गोविंद बल्लाळ’ भेटतात, पुढच्या पिढीत ‘बाळाजी गोविंद’ आणि ‘गंगाधर गोविंद’ भेटतात, आणि केवळ या जोडनावांच्या आधारे बल्लाळ, गोविंद आणि त्यांचे पुत्र अशा तीन पिढ्यांची साखळी आडनावाशिवाय जुळवता येते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडात पानिपतच्या मोहिमेतील पत्रे आहेत, आणि त्यांत मोहिमेचे सेनापती सदाशिवरावभाऊ गोविंदपंतांकडे पैसा, रसद आणि नदी ओलांडण्यासाठी नावा यांचा तगादा लावताना दिसतात. पानिपतावर मराठ्यांसमोर उभ्या असलेल्या अफगाण अहमदशाह अब्दालीची रसद तोडण्याच्या कामावर असतानाच डिसेंबर १७६० मध्ये, पानिपतच्या अंतिम लढाईच्या काही आठवडे आधी, गोविंदपंत मारले गेले. मोहिमेच्या अपयशाचा दोष त्यांच्यावर ठेवताना या शेवटाचा विसर पडू नये.

पुढे घराण्याच्या शाखा सागर, जालौन आणि गुरसराय येथे विखुरल्या व लोकांच्या तोंडी त्या त्या ठिकाणांनीच ओळखल्या जाऊ लागल्या. जालौनचे संस्थान १८४० साली इंग्रजांनी खालसा केले, म्हणजे आपल्या मुलखात विलीन करून घेतले. जबलपूरशी थेट संबंध आला तो सागर शाखेचा. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य जिंकले, शेवटचा राजा नरहरशाह याला खुरईच्या किल्ल्यात कैदेत ठेवले आणि कारभारासाठी जबलपूरची निवड केली. शहराच्या राजकीय महत्त्वाचा आरंभ या निवडीत आहे, पण तिच्या मागे एका जुन्या गोंड राजवंशाचा अंत आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. १७९८ साली हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले.

सागरात त्या वेळी याच घराण्यातील आबासाहेब ऊर्फ रघुनाथराव यांच्या निधनानंतर त्यांच्या विधवा रुक्माबाई यांच्या वतीने विनायकराव कारभार पाहत होते. १८१८ साली सागरही इंग्रजांनी घेतले आणि घराण्याला नेमणूक, म्हणजे सत्तेच्या बदल्यात ठरावीक वार्षिक रक्कम, बांधून दिली. रुक्माबाईंनी दत्तक घेतलेले बळवंतराव जबलपुरात राहू लागले आणि इंग्रजी कागदांत ‘सागरचे राजे’ म्हणून नोंदले गेले. सागर हातचे गेले होते, राहणे जबलपुरात होते, आणि ओळख मात्र गमावलेल्या ठाण्याच्या नावाने टिकली होती.

म्हणूनच या घराण्याचा शोध केवळ ‘खेर’ या दोन अक्षरांवर विसंबून घेता येत नाही. काश्मिरी पंडितांतही खेर हे आडनाव आहे, आणि नामसाम्यावरून नाते ठरवण्याची घाई कोणाही अभ्यासकाने करू नये. पिढ्यांची जोडनावे, नेमणुकांचे कागद, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील यात्रेच्या नोंदी आणि दत्तकपत्रे ही चारही साधने एकमेकांशी ताडून पाहिली, तरच वंशावळ भरवशाची होते. सागर, जबलपूर आणि गुरसराय येथील ज्या मराठी कुटुंबांकडे असे मोडी लिपीतले कागद अजून पेट्यांत पडून असतील, त्यांनी ते वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी मोडी जाणकारांकडून वाचून घ्यावेत आणि त्यांच्या प्रती एखाद्या संशोधनसंस्थेकडे ठेवाव्यात.