तीन भास्कर, एक लीलावती

चाळीसगावहून साधारण अठरा किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी पाटण हे जुने गाव आहे. आज ते पाटणादेवीमुळे माहीत असते. तिथे सापडलेल्या इ. स. १२०७ च्या शिलालेखात एका मठाची नोंद आहे. हा मठ उभारला यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने, कशासाठी, तर आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून! निकुंभ घराण्यातील सोइदेवाने मठाला दान दिले. चांगदेवाचे आजोबा म्हणजे गणिती भास्कराचार्य.

याच लेखात चांगदेवाच्या घराण्याची वंशावळ आहे आणि तीत भास्करभट्ट नावाचा आणखी एक पूर्वज आहे. त्यातच ६२९ साली आर्यभटीयावर भाष्य लिहिणारा तिसराच भास्कर होऊन गेलेला. म्हणून इतिहासकारांना आपल्या भास्कराचार्यांपुढे ‘द्वितीय’ लावावे लागते. नाव आईवडिलांनी ठेवलेले. तिथे इलाज नव्हता.

पुस्तकाचे नाव मात्र स्वतःच्या हातात होते, आणि तिथे या माणसाने कमाल केली. आधीच्या गणितग्रंथांची नावे पाहा : आर्यभटीय, ब्राह्मस्फुटसिद्धान्त, गणितसारसंग्रह. भारदस्त, पण लेखकाचे किंवा विषयाचे नाव सांगून मोकळी होणारी. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला आणि त्यातल्या अंकगणिताच्या भागाला नाव दिले ‘लीलावती’. बीजगणिताच्या भागाला मात्र नुसते ‘बीजगणित’! ‘लीलावती’ हे नाव सहज सुचलेले नव्हे. ग्रंथाच्या शेवटच्या श्लोकात जाती, गुण, वर्ग हे शब्द असे योजले आहेत की अर्थ गणिती क्रियांना लागू पडतो आणि एका सुंदर स्त्रीलाही. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीच्या ग्रंथाला त्यांनी ‘करणकुतूहल’ म्हटले. म्हणजे हौस टिकून होती.

नाव इतके जिवंत की लोकांनी त्यातून माणूस घडवला. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये फारसी भाषांतर केले. त्याच्या प्रस्तावनेत लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होते, आणि घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त चुकतो. मूळ ग्रंथात ही कथा कुठेच नाही. त्यात ‘बाले’, ‘सखे’, ‘मृगाक्षी’ अशा हाका तेवढ्या आहेत, आणि मुलीला कुणी मृगाक्षी म्हणेल का, अशी शंका मला नेहमी येते.

लेखकाचे नाव बदलण्याची सोय पुढे पाटणच्याच खानदेशात एकाला मिळाली, तीही दुसऱ्यांच्या कृपेने. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या पोरसवदा कवीला ‘बालकवी’ म्हटले गेले. ठोमरे आडनाव त्यानंतर पाठ्यपुस्तकातल्या कवीपरिचयापुरते उरले.

‘लीलावती’ तर ग्रंथापलीकडे गेली. आंतरराष्ट्रीय गणित संघटनेने २०१० पासून गणित लोकांपर्यंत नेणाऱ्यांसाठी एक पुरस्कार सुरू केला. त्याला नाव लेखकाचे नाही, पुस्तकाचे दिले.