पॉसमचे सोंग

परवा रात्रपाळी नव्हती. जेवणे उरकून आम्ही टेकलो होतो, तेवढ्यात धाकटी वाचनालयातले इंग्रजी गोष्टीचे पुस्तक घेऊन आली. सातवीत आहे. गोष्टीतला मुलगा शाळेच्या वेळी डोळे मिटून पडून राहतो आणि त्याची आई म्हणते, ‘ही इज प्लेइंग पॉसम.’ पोरीने अर्थ लावला, तो पॉसम खेळतो आहे. मग विचारते, “बाबा, हा खेळ लंगडीसारखा की लगोरीसारखा?”

आम्हालाही येईना. थोरल्याचा शब्दकोश काढला. ‘प्ले’ म्हणजे खेळणे, तसेच सोंग वठवणेही. पॉसम हा प्राणी. झोपेचे, मेल्याचे किंवा काही ठाऊकच नसल्याचे सोंग घेणाऱ्याला इंग्रजीत असे म्हणतात. उसने पैसे मागायला माणूस दारात आला की गोधडीत शिरून घोरणारे प्रत्येक चाळीत एक तरी असतातच. त्यांना खुशाल म्हणावे.

हा पॉसम, म्हणजे ओपॉसम, अमेरिकेतला. मांजराएवढा, तोंड पांढुरके, शेपटी उघडी. कांगारूसारखी मादीच्या पोटाला पिशवी, तीत पिल्ले. नावही इंग्रजांचे नव्हे. १६०७ साली ते व्हर्जिनियात वस्ती करून राहिले, तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या बोलीतून त्यांनी ते उचलले. कुत्रा अंगावर आला की पॉसम आधी दात दाखवतो, फिसकारतो. तेवढ्याने भागले नाही तर आडवा पडतो. तोंड उघडे, जीभ बाहेर, मागून घाण वासाचा द्रव. हलवले, उचलले तरी हलत नाही. कधी काही मिनिटे, कधी काही तास. शुद्धीवर येताना आधी कान हलतात म्हणे.

पाहणाऱ्यांना वाटले, काय बेरकी जनावर! त्यावरून म्हण पडली. परंतु पॉसम हे ठरवून करीत नाही. भीती पराकोटीला गेली की त्याचे शरीरच तसे होते. श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावतात. मनात आणले म्हणून त्याला उठताही येत नाही.

हे वाचताना आम्ही थोरल्याकडे पाहिले नाही.

तो नववीत होता तेव्हाची गोष्ट. सहामाहीला गणिताच्या पेपरच्या सकाळी पोट धरून पडला. आम्ही रात्रपाळी करून नुकते आलेलो. पांघरूण ओढले आणि म्हणालो, “सोंगे पुरे झाली, ऊठ.” त्याची आई म्हणत होती, चार दिवस जेवत नाही हो तो. आम्ही ऐकले नाही. पोरगा मुकाट्याने गेला. दुपारी शाळेचा शिपाई त्याला धरून घरी घेऊन आला. डॉक्टरांनी खिडकीशी नेऊन डोळे पाहिले, हळदीसारखे पिवळे. कावीळ. चार दिवस एका खोलीत राहून आम्ही त्या डोळ्यांत एकदाही पाहिले नव्हते.

डॉक्टर तेव्हा आणखी एक बोलले, ते लक्षात राहिले. कावीळ नसती, नुसती पेपरची भीती असती, तरी पोट खरेच दुखू शकते. तपासणीत काही निघाले नाही म्हणून पोर खोटे बोलते असे नव्हे.

“म्हणजे पॉसम लबाड नाही?” धाकटीने विचारले.

“नाही.”

थोरला कोपऱ्यात वहीत डोके घालून बसला होता. तसाच म्हणाला, “बाबा, तिला माझ्या गणिताच्या पेपरचं पण सांगा.”

आम्ही सांगितले.