थंडीत पिशवीतील केळीच्या रोपांची जोपासना

केळ हे उष्ण व दमट हवेचे झाड होय. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर परिसराचा केळीसाठी मोठा लौकिक असून नांदेड येथे केळी संशोधन केंद्रही आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यातही पाण्याची सोय असलेले शेतकरी ऊतिसंवर्धित रोपे आणून केळीची लागवड करतात. कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावण्याचा परिपाठ आहे. परंतु ज्या रानात तूर उभी असते, ते वेळेवर मोकळे होत नाही. अशा वेळी आणलेली रोपे पिशवीतच थंडी काढतात, आणि पैसे मोजून घेतलेली ही रोपे डिसेंबर-जानेवारीत डोळ्यांदेखत सडतात. हे नुकसान बव्हंशी टाळता येण्याजोगे आहे.

प्रथम कारण समजून घ्यावे. तापमान १० ते १२ अंश सेल्सिअसच्या खाली गेले म्हणजे केळीची वाढ जवळजवळ थांबते. शेतातील जमीन दिवसाची ऊब काही काळ धरून ठेवते. पिशवीतील मूठभर माती मात्र चहूबाजूंनी उघडी असल्याने रात्रीच्या हवेबरोबर लवकर गार होते. गार मातीत मुळांचे काम मंदावते व रोप पाणी थोडेच घेते. पान पिवळे पडलेले पाहून आपण अधिक पाणी देतो. ते पिशवीत साचते, मुळांस हवा मिळत नाही व ती कुजतात. म्हणून थंडी जितकी निवारावयाची, तितकाच पाण्याचा हातही आवरावयाचा, हे ध्यानी ठेवावे.

जागा : रोपे उघड्यावर ठेवू नयेत, तशी अंधाऱ्या खोलीत कोंडूही नयेत, पानांस उजेड हवाच. घराच्या किंवा गोठ्याच्या दक्षिणेस, ऊन येईल अशा पडवीत ती ठेवावीत. वाऱ्याच्या बाजूस तुराट्यांचा किंवा पळाट्यांचा कूड उभारावा. पिशव्या गार फरशीवर न ठेवता पाचटाच्या थरावर एकमेकींस लागून मांडाव्यात. सायंकाळी वर बारदान पसरावे. ते पानांस टेकू नये म्हणून काठ्यांचा आधार द्यावा. सकाळी ऊन येताच ते काढून घ्यावे.

पाणी : बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. ओल लागल्यास त्या दिवशी पाणी देऊ नये. द्यावयाचे तेव्हा ऊन चढल्यावर, विहिरीचे ताजे उपसलेले पाणी द्यावे. रात्रभर उघड्या टाकीत राहिलेले पाणी फार गार असते. पिशवीच्या तळाची छिद्रे मोकळी असल्याची खात्री करावी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांस पाण्याचे मोल सांगावयास नको. येथे तर पाणी राखण्यातच रोपांचे हित आहे.

खत : वाढ थांबलेली असताना युरिया देऊ नये. मुळे तो घेऊ शकत नाहीत व पिशवीतील अल्प मातीत खताची तीव्रता वाढते. नवे पान उलगडू लागल्यावरच खताचा विचार करावा.

रोग व कीड : मावा कीड हरण्या रोगाचा विषाणू पसरविते. काकडी, भोपळा, टोमॅटो किंवा मिरची यांच्याजवळ रोपे ठेवू नयेत. पानांवर पिवळसर पट्टे दिसणारे रोप तत्काळ वेगळे करून नष्ट करावे.

पाने करपली म्हणून रोप लगेच टाकू नये. बुडाशी कंद दाबून पाहावा. तो टणक असल्यास उष्णता वाढताच नवा पोंगा निघण्याचा संभव असतो. कंद मऊ लागून दुर्गंधी येत असल्यास मात्र ते रोप काढून टाकावे.

फेब्रुवारीत रात्रीची थंडी ओसरल्यावर रोपांस आठ-दहा दिवस क्रमाक्रमाने अधिक ऊन दाखवावे व मगच सायंकाळच्या वेळी शेतात लावावीत. अंगणात कुंडीत केळ लावणाऱ्यांसही हेच नियम लागू पडतात.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी थंडी सुरू होण्यापूर्वीच, कोणाकडे पिशवीतील रोपे शिल्लक आहेत याची विचारणा करावी आणि बोटाने ओल पाहण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. या साध्या रीतीस खर्च काहीच नाही, परंतु तिच्यावर पुढील हंगामाची बाग अवलंबून आहे.