बांधीतला वायू, प्लूटोवरचा बर्फ

सालेकसा भागात रोवणीच्या वेळी धानाच्या बांधीत पाय रोवला की चिखलातून बुडबुडे येतात ना? त्यांत मिथेन वायू असतो. गोबरगॅसच्या चुलीत जळतो तोही मुख्यतः मिथेनच.

दूरच्या प्लूटोवर हाच मिथेन बर्फ होऊन पडला आहे! तिथे थंडी उणे २३० अंशांच्या आसपास. मग तिथे न जाता हे कळले कसे? प्रत्येक पदार्थ सूर्यप्रकाशातले आपापले ठराविक किरण गिळतो. परतलेल्या प्रकाशात कोणते किरण कमी पडले, ते पाहून पदार्थ ओळखतात. लांबून पीक पाहून तुम्ही वाण सांगता, तसेच हे.

१९७६ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दुर्बिणीतून मिथेन असाच ओळखला. २०१५ साली 'न्यू होरायझन्स' यान प्लूटोजवळून गेले. त्यालाही तिथे मिथेनच आढळला. पारख खरी ठरली!