न दिसणाऱ्याचा माग



भिवंडी तालुक्यातल्या एका गावी भातावरच्या खोडकिडीबद्दल बोलायला गेलो होतो. बोलणे आटोपले, चहा आला, तेव्हा एक वयस्कर बाबा म्हणाले, "साहेब, हा नातू सांगतो की आभाळात काळे भोक आहे आणि ते सगळे गिळते. एक दिवस आपली धरणीही त्यात जाणार का?" नातू शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "आणि ते दिसतच नाही, तर आहे हे कळले कसे?"

मी शेतकीचा पदवीधर. आकाश हा माझा विषय नव्हे. पण मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच बांधावर होते. खोडकिडीची अळी खोडाच्या आत दडलेली असते. आपल्याला दिसतो तो वाळलेला पोंगा, आणि पुढे दाणा न भरलेली पांढरी पळींज. तेवढ्यावरून आपण आतली अळी ओळखतो. शास्त्रज्ञांनी कृष्णविवर ओळखले ते असेच, खुणेवरून.

कृष्णविवर म्हणजे रिकामे भोक नव्हे. खूप मोठा तारा आयुष्याच्या शेवटी स्वतःच्याच भाराने आत कोसळतो. मग त्याची ओढ इतकी वाढते की प्रकाशही बाहेर निसटत नाही. म्हणून ते काळे. पण जवळ दुसरा तारा असला, तर त्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो आणि भोवती गरगर फिरत आत पडू लागतो. गिरणीतून पडणारे पीठ हाताला गरम लागते, ते दगडांच्या घर्षणाने. तसाच हा वायू आपसात घासून लक्षावधी अंश तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. दवाखान्यात हाड मोडल्यावर फोटो काढतात, तेच हे किरण.

हे किरण आपल्यापर्यंत पोचत नाहीत, कारण हवा ते वरच्या वर शोषून घेते. सजीवांच्या दृष्टीने ते बरेच आहे. पण पाहायचे तर हवेच्या वर जावे लागते. १९६२ साली अमेरिकेत एका अग्निबाणावर उपकरण चढवले, तेव्हा सूर्यमालेबाहेरून येणारे क्ष-किरण प्रथम सापडले. १९६४ साली हंस तारकासमूहात असेच एक ठिकाण मिळाले. पुढे कळले की तेथे एक मोठा तारा न दिसणाऱ्या जोडीदाराभोवती साडेपाच दिवसांच्या आसपास एक फेरी घेतो. त्या जोडीदाराचे वस्तुमान २१ सूर्यांएवढे आहे असा आजचा हिशेब आहे. तेच कृष्णविवर.

या कामात आपला प्रांत मागे नाही. भिवंडीपासून पन्नासेक किलोमीटरवर, मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हैदराबादहून मोठमोठे फुगे सोडून क्ष-किरणांचा शोध घेतला. पुढे २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'ॲस्ट्रोसॅट' ही भारताची वेधशाळा ६५० किलोमीटर उंचीवर गेली. तिच्यावरची क्ष-किरणांची मुख्य उपकरणे कुलाब्याच्या याच संस्थेत घडली आणि पुण्याच्या 'आयुका'नेही या कामाला हात लावला.

त्यातल्या दुर्बिणीची युक्ती ऐका. तळ्यात चपटा दगड वरून टाकला तर बुडतो. आडवा फेकला तर पाण्यावरून उड्या घेत जातो. क्ष-किरणही आरशावर सरळ पडले तर आत शिरतात, अगदी तिरपे आले तरच परततात. म्हणून सोन्याचा पातळ मुलामा दिलेले पत्रे नळकांड्यासारखे एकात एक बसवले आहेत.

या दुर्बिणीने ऑक्टोबर २०१५ मध्ये पहिल्यांदा डोळा उघडला तो एका सक्रिय दीर्घिकेकडे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळा. काहींच्या मध्यभागी कोट्यवधी सूर्यांएवढे कृष्णविवर असते. त्यात वायू पडत असला की तेवढा मध्यच साऱ्या ताऱ्यांहून झगमगतो. ही दीर्घिका इतकी दूर आहे की तिचे किरण निघून शंभर कोटींहून जास्त वर्षे झाली. तेव्हा पृथ्वीवर जमिनीवर गवताचे पातेही उगवले नव्हते!

आता बाबांचा प्रश्न. कृष्णविवर काही दुरून ओढून नेत नाही. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले, तर अंधार आणि थंडी होईल, पण पृथ्वी आपल्या वाटेनेच फिरत राहील. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरही ४० लाख सूर्यांएवढे एक आहे. त्याचे किरण येथवर यायला सव्वीस हजार वर्षे लागतात. तेव्हा धरणी गिळली जाण्याची भीती घालून कोणी पूजेचे पैसे मागितले, तर देऊ नका.

यातून भाताचा एक दाणाही वाढणार नाही, हे मी बाबांना प्रामाणिकपणे सांगितले. पण भीती गेली, आणि खुणेवरून कारण शोधायची सवय लागली, तर तीच सवय शेतात उपयोगी पडते. पळींज दिसल्यावर दैवाला बोल न लावता खोड चिरून पाहणारा शेतकरी आणि कुलाब्याचा शास्त्रज्ञ, दोघांची रीत एकच.

भातकापणीच्या दिवसांत अंधार पडल्यावर मुलांना अंगणात न्या. उत्तरेच्या अंगाला, जवळजवळ डोक्यावर, पंख पसरलेला हंस दिसेल. त्याच्या मानेत ते कृष्णविवर आहे. डोळ्यांना काही दिसणार नाही. तरी जागा दाखवा, आणि ते आहे हे कसे कळले, तेही सांगा.