पाच घरं, एक घड्याळ: 'सिम्स ४'मधलं म्हातारपण

आज एकच प्रश्न घेऊन बसलोय. 'द सिम्स ४'मध्ये तुम्ही एका घरात खेळताय, तेव्हा तुमच्या बाकीच्या घरांतली माणसं म्हातारी व्हावीत का?

मी हे ठेच लागूनच शिकलो. एका घरात सुमनआजी होत्या, दुसऱ्या घरात त्यांची नात. नातीची नोकरी, लग्न यात असा रमलो की आजींकडे फिरकलोच नाही. एका रविवारी गेलो, तर आजी गेलेल्या. गेमची काही चूक नव्हती. सेटिंग मीच न बघता तसं ठेवलं होतं.

२००४च्या 'सिम्स २'मध्ये असं झालंच नसतं. तिथे प्रत्येक घराचं घड्याळ वेगळं. तुम्ही बाहेर पडलात की घर आहे तिथेच थांबतं. पण मग वेगळाच घोळ: जुळ्या बहिणींपैकी एक आजी होते आणि जिच्याकडे तुम्ही गेलाच नाहीत, ती तरुणच! 'सिम्स ४'मध्ये घड्याळ सगळ्या जगाला एकच. आमच्या कोडिंगच्या भाषेत, ग्लोबल व्हेरिएबल. वय कुणाचं वाढावं, हे मात्र तुम्ही ठरवता: खेळलेली सगळी घरं, फक्त चालू घर, किंवा कुणीच नाही.

आता हिशेब बघा. नॉर्मल आयुर्मानात 'यंग अडल्ट' टप्पा २४ दिवसांचा. घरं ५, प्रत्येकी ७ दिवस, म्हणजे एक फेरी ३५ दिवसांची. 'सगळी घरं' निवडलंत, तर फेरी संपायच्या आतच अख्खी तरुणाई खलास. त्यातले तुम्ही पाहिलेले दिवस किती? ७.

'फक्त चालू घर' केलंत, तर फेरीअखेर प्रत्येक घर ७ दिवसांनीच मोठं होतं. जुळ्या जुळ्याच राहतात. अट एवढीच की कुणाची पाळी चुकवायची नाही. मी चक्क वहीत लिहितो. हो, इंजिनिअर असून वहीत!

खरी मेख पुढे आहे. जी घरं तुम्ही कधी खेळलाच नाहीत, त्यांच्या वयाचं सेटिंग वेगळं असतं. ते चालू राहिलं, तर तुमची नायिका ७ दिवसांनी वाढते तोवर शेजारचा मित्र ३५ दिवसांनी. दोन फेऱ्यांत ती तरुणच आणि तो काठी टेकत येतोय. एक तर ते बंद करा, नाहीतर मित्राचं घर 'माझी घरं'मध्ये घ्या. (नेबरहुड स्टोरीज म्हणजे नोकऱ्या, मुलं, घरं बदलणं. वयाचं सेटिंग ते नव्हे, तिथे शोधत बसू नका.)

आयुष्य 'लाँग' केलं की तोच टप्पा ९६ दिवसांचा होतो. मग सगळ्यांचं वय एकत्र वाढलं तरी त्यात अडीचेक फेऱ्या बसतात. सध्या मी असंच खेळतोय. नव्या सेव्हमध्ये सुमनआजी पुन्हा केल्यात, आणि फेरी त्यांच्याच घरापासून सुरू होते.